साखर डोक्यापर्यंत पोचत नाही?

‘शुगर डोळे, किडनी आणि पायांना धरते, विसरायला होतं ते वयामुळे.’ जळगाव-धुळ्याकडे हे वर्षानुवर्षं फिरतं आहे. पायाची जखम दिसते, विसराळूपणा हळूहळू येतो. त्यामुळे असं वाटणं साहजिकच.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो एकटा घेतो. ती पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या केसाहून नाजूक. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली, की डोळ्याच्या पडद्यातल्या वाहिन्यांसारख्याच मेंदूतल्याही खराब होतात. विचार मंदावतो, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. प्रत्येकाला होतोच असं मात्र नाही.

साखर उतरली तरी मेंदूचंच इंधन तुटतं. एकादशीला शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलेल्या माझ्या मावशीने घरच्यांसाठी कळण्याचं पीठ मळताना दोनदा मीठ घातलं. बोलणंही अडखळत होतं. आम्ही म्हणालो, वय झालं. मीटरवर साखर निघाली ५८! साखरपाणी दिलं, पंधरा-वीस मिनिटांत ती नीट बोलू लागली.

खात्री कशी करायची? एचबीए१सी या रक्ततपासणीत साधारण ३ महिन्यांतल्या साखरेची सरासरी कळते. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व जरूर बघा; ते कमी झालं तरी विसर पडतो आणि ते भरून काढता येतं. घरी कागदावर घड्याळ काढून ११ वाजून १० मिनिटं दाखवायला सांगा. यावरून निदान होत नाही, पण काटे चुकले तर तो कागद डॉक्टरांकडे न्या.