नाकाच्या ड्रॉप्सची दुसरी बाटली मागण्याआधी

सर्दीच्या दिवसांत आमच्या काउंटरवर एक वाद रोजचा ठरलेला. कुणीतरी झायलोमेटाझोलीनची बाटली मागतं, आम्ही विचारतो, "आधीची कधी नेली होती?" मागे रांग खोळंबते आणि उत्तर येतं, "नाकाचे ड्रॉप्स मागतोय हो, विष नाही मागत!" हा प्रश्न आम्ही का विचारतो, ते एकदा लिहूनच देतो. तुमचाही वेळ वाचेल, आमचाही.

नाक चोंदतं ते नुसत्या शेंबडानं नव्हे. आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि हवेची वाट अडते. या वाहिन्या आवळून ठेवण्याचं काम सिंपथेटिक मज्जासंस्थेचं. घाबरल्यावर छाती धडधडवते, हात गार पाडते, तीच ही. तिचे निरोप झेलणारे ग्राही असतात, अल्फा आणि बीटा. ही विभागणी अमेरिकन औषधशास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली मांडली आणि या घराण्यातली निम्मीअधिक औषधं आजही तिच्यावरूनच ओळखली जातात. तुमचे ड्रॉप्स अल्फावाले. ते वाहिन्या आवळतात आणि पाच-दहा मिनिटांत नाक मोकळं होतं. इथवर सगळं छान.

घोटाळा होतो तो आठवडा उलटल्यावर. सारख्या हाका मारल्या की ग्राही ओ देईनासे होतात. थेंबांचा असर आधी आठ-दहा तास टिकायचा, तो दोन-तीन तासांवर येतो. असर उतरला की वाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात, म्हणून पुन्हा थेंब. एक गृहस्थ तर शर्टाच्या खिशातच बाटली घेऊन फिरायचे, लेबल घासून पांढरं झालेलं. "आठ महिने झाले, सर्दी जातच नाही." शिंका? नाहीत. नाक गळतं? नाही. नुसतं चोंदलेलं, आणि थेंब टाकल्याशिवाय झोप नाही. त्यांची सर्दी केव्हाच गेली होती, उरले होते ते ड्रॉप्स.

म्हणून मोठ्यांनी जास्तीत जास्त पाच दिवस, सात म्हणजे अगदी शेवटची हद्द. बाटलीवर तीनच दिवस लिहिले असतील तर तीनच. आम्ही बाटली देताना तिच्यावर तारीख घालतो, ती खोडू नका. सवय लागलीच असेल तर एक सोपा मार्ग आहे: आधी एकाच नाकपुडीतले थेंब बंद करा. दुसरी चालू असल्यानं रात्र निभते. पहिली मोकळी राहू लागली की दुसरीतलेही थांबवा. मिठाच्या पाण्याचा स्प्रे कितीही दिवस चालतो. तो आमच्याकडे असतो आणि खरं सांगायचं तर आम्हाला तोच विकायला आवडतो. डॉक्टर स्टिरॉइडचा स्प्रे देतात तो या जातीचा नव्हे. त्याला गुण यायला काही दिवस लागतात, दुसऱ्याच दिवशी "उपयोग नाही" म्हणून परत आणू नका.

"मग गोळी द्या," असंही म्हणतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं. पोटातून घेतलेलं फेनिलेफ्रिन बरंचसं आतड्यातच निकामी होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या सरकारी औषध-नियंत्रण संस्थेच्या, सल्लागार समितीनं एकमतानं सांगितलं, की नेहमीच्या डोसमध्ये या गोळीनं चोंदलेलं नाक सुटत नाही. आम्ही ती आपणहून सुचवत नाही. काही गोळ्यांत त्याऐवजी स्यूडोएफेड्रिन असतं; ते काम करतं, पण ते सगळ्या अंगातल्या वाहिन्या आवळतं. बीपी चढू शकतं, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. काउंटरवर "बीपीची गोळी चालू आहे का?" असं विचारलं, तर ती उगाचची चौकशी नसते.

बीपीवरून आठवलं. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या गोळ्यांत हाच खेळ उलटा चालतो. त्या बीटा ग्राहींची दारं बंद करतात, तर शरीर नवी दारं उघडून ठेवतं. गोळी एकदम थांबली की सगळी दारं सताड उघडी: नाडी धावते, बीपी उसळतं, हृदयरोग्याला छातीत कळ येते, कधी झटकाही. तेव्हा शेवटची गोळी संपल्यावर नव्हे, पट्टीत आठवड्याच्या गोळ्या उरल्या की या. नंबर देऊन ठेवलात तर आम्हीच आठवण करू. बंद करायचीच असेल तर डॉक्टर ती टप्प्याटप्प्यानं उतरवतील. दमा असेल तर या गटातली गोळी सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

घरात लहान मूल असेल तर ड्रॉप्स उंचावर ठेवा. एक-दोन मिलिलिटर जरी पोटात गेलं, तरी मूल सुस्त पडतं, नाडी आणि श्वास मंदावतो. "झोपलंय" म्हणून वाट पाहू नका, बाटली घेऊन थेट दवाखाना गाठा. मोठ्यांचे ड्रॉप्स पाणी घालून मुलांना देऊ नका. त्यांची ताकद वेगळी, आणि अगदी तान्ह्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही देतच नाही.

पुढच्या वेळी येताना जुनी बाटली आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकून आणा. रिकाम्या असल्या तरी चालतील.