बायपासनंतर चाललं तर छाती उसवते का?

"बायपास झालेल्या माणसाने तीन महिने अंथरुणातून उठू नये, चाललं-खोकलं तर छातीची शिवण उसवते," असा निरोप आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडे वर्षानुवर्षं फिरतोय. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात, पण त्याने रुग्णाचं नुकसान होतं.

बायपासमध्ये बहुधा छातीच्या मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी घट्ट बांधतात. वर दिसणारे टाके वेगळे. हाड जुळून यायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, पुरती मजबुती यायला ३ महिन्यांच्या आसपास. सपाटीवर सावकाश चालताना या हाडावर फारसा ताण येत नाही. ताण येतो तो हातांनी जड उचलताना, ओढताना: भरलेली घागर, तांदळाचं पोतं, खड्ड्यांतून दुचाकी. जपायचं ते इथे.

उलट नुसतं पडून राहिलं की फुप्फुसात कफ साचतो, न्यूमोनिया होऊ शकतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. म्हणून तर दवाखान्यात बहुतेकांना एक-दोन दिवसांतच उभं करतात, छातीशी उशी धरून खोकायला लावतात.

पडताळायचं असेल तर श्वासाच्या व्यायामासाठी दिलेलं तीन चेंडूंचं यंत्र बघा. खोल श्वासाने छाती उसवत असती तर ते दिलंच नसतं. डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असतं. घरी निघण्याआधी "मराठीत समजावून सांगा" म्हणायला अजिबात संकोचू नका.

हाडात कट-कट असा आवाज जाणवला, जखमेतून पाणी आलं, ताप आला किंवा दम वाढला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.