आखूड तारेचा चढा सूर

स्वस्तातली छोटी ट्रॅव्हल गिटार मोकळ्या तारांवर नीट सुरात लावली, ट्यूनरने सहाही तारांना हिरवा दिवा दाखवला, आणि पहिला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरताच कानाला खटकलं, असं फार जणांच्या बाबतीत घडतं. मग संशय फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर जातो: कारखान्यात ते चुकीच्या जागी बसवले असणार. हा संशय आधी निस्तरून टाकू, कारण तो मोजपट्टीने तपासता येतो.

सप्तकाचे बारा सारखे अर्धस्वर करायचे तर प्रत्येक फ्रेट उरलेल्या तारेच्या १७.८१७व्या भागावर बसवावा लागतो. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतची (गिटारच्या पोटावरची, तारा टेकतात ती पट्टी) मूळ लांबी ५८ सेंमी धरली, तर नटपासून पहिला फ्रेट ३२.६ मिमी, पाचवा १४५.५ मिमी, सातवा १९२.९ मिमी आणि बारावा बरोबर २९० मिमीवर यायला हवा. समजा पाचवा फ्रेट अर्धा मिलिमीटर सरकलेला निघाला. सूर किती बिघडेल? फक्त दोन सेंट. (अर्धस्वराचे शंभर समान भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट.) दोन सूर एकत्र वाजत असताना पाच-सहा सेंटचा फरक लक्ष देणाऱ्या कानाला जाणवतो, दोनाचा सहसा नाही. म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी चूक असूनही कॉर्ड फारसा बिघडत नाही. खटकणारे दहा-पंधरा सेंट दुसरीकडूनच येतात.

ते येतात तारेच्या उंचीतून. तार दाबली की ती फ्रेटपर्यंत खाली जाते, किंचित लांबते, आणि ताण वाढल्यामुळे सूर चढतो. बाराव्या फ्रेटवर तार २.५ मिमी उंच असेल, तर दाबल्यावर तिची लांबी जेमतेम ०.०२ मिमीने वाढते. आकडा नगण्य वाटतो, पण पोलाद ताठर असतं. एवढ्याशा लांबण्याने दुसऱ्या तारेचा, म्हणजे बी तारेचा, ताण एक टक्क्याहून जास्त वाढतो आणि सूर सुमारे १० सेंट चढतो. त्याच उंचीवर पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार सहा सेंटच्या आतच राहते. एका कॉर्डमध्ये शेजारच्या दोन तारा अशा वेगवेगळ्या चढल्या की तो बेसूर लागणारच.

या हिशेबातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी की चूक उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची निम्मी केली तर चूक चौथाईवर येते. २.५ मिमीची उंची २ मिमी केली, तरी १० सेंटचे साडेसहा होतात. घरी करता येण्याजोगा दुसरा कुठलाही उपाय इतक्या थोड्या श्रमात एवढं देत नाही.

आखूड गिटारला हा त्रास जास्त का? पूर्ण आकाराच्या गिटारची तार साधारण ६५ सेंमीची असते. तीच तार ५८ सेंमीवर त्याच सुरात लावली की ताण २० टक्क्यांनी कमी होतो, त्यामुळे दाबल्याने होणारी वाढ मूळ ताणाच्या मानाने मोठी ठरते. शिवाय तार आखूड असल्याने तेवढ्याच उंचीवर ती प्रमाणाने जास्त लांबते. दोन्ही परिणाम गुणले की तेवढ्याच उंचीला चूक दीडपटीहून मोठी होते. मोठ्या गिटारवर खपून जाणारी उंची इथे खपत नाही.

आता दुरुस्ती. क्रम महत्त्वाचा, कारण आधीचं काम पुढचं माप बदलतं. पहिल्यांदा तारा नव्या घाला. जुन्या तारेवर घाम आणि मळ साचून तिचं वजन ठिकठिकाणी वेगळं झालेलं असतं, आणि अशा तारेवर घेतलेलं कुठलंही माप भरवशाचं नसतं. मग मानेचा बाक पाहा: एकच तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्याजवळ फट बघा. ०.२ ते ०.३ मिमी ठीक. ट्रस रॉड (मानेच्या आतली, पिळून ताणता येणारी सळई) असेल तर त्याने बाक कमीजास्त करता येतो, नसेल तर आहे तो बाक धरून पुढे जा.

खरं काम नटवर आहे, आणि ते बहुतेक जण टाळतात. स्वस्त गिटारच्या नटमधल्या खाचा अनेकदा पुरेशा खोल कापलेल्या नसतात. पहिल्या फ्रेटवर तार एक मिलिमीटर उंच असेल, तर बी तारेवरचा तिथला सूर सातेक सेंट चढतो. उंची ०.३ मिमीवर आणली तर चढ सेंटभरही उरत नाही. सुरुवातीचे सगळे कॉर्ड पहिल्या तीन फ्रेटवर धरले जातात, तेव्हा ही सुधारणा लगेच ऐकू येते. तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. कागदाच्या जाडीएवढी, म्हणजे सुमारे ०.१ मिमी, उरली तर खाच बरोबर आहे. जास्त असेल तर तारेच्या जाडीची बारीक कानस घेऊन, गिटारच्या डोक्याच्या, म्हणजे खुंट्यांच्या, बाजूला किंचित उतार ठेवून, दोन-चार हात मारा, तार परत बसवा, पुन्हा पाहा. घाई करू नका. खाच जास्त खोल गेली आणि मोकळी तार फ्रेटवर खरखरू लागली, तर खाण्याचा सोडा आणि सुपर ग्लू खाचेत भरून ती नव्याने कापता येते. हे करताना खिडकी उघडी ठेवा.

त्यानंतर सॅडल. बाराव्या फ्रेटवरची उंची अर्ध्या मिलिमीटरने उतरवायला सॅडलच्या तळातून एक मिलिमीटर घासावा लागतो. सपाट पृष्ठभागावर सँडपेपर ठेवून तळ घासा आणि तार खरखरायच्या आत थांबा.

एवढं झाल्यावरच लांबीकडे वळा. मोकळी तार आणि तिचाच बाराव्या फ्रेटवरचा सूर ट्यूनरवर ताडून पाहा. वरचा सूर सप्तकापेक्षा चढा असेल तर तारेचा टेकण्याचा बिंदू मागे न्यायचा. ५८ सेंमीच्या तारेवर एक मिलिमीटर मागे गेल्याने तीन सेंट मिळतात. तीन मिलिमीटर रुंद सॅडलचा माथा कानशीने तिरका केला, तर बिंदू दोन मिलिमीटर सरकवता येतो, म्हणजे सहा सेंटची दुरुस्ती. साधारणपणे पहिली तार पुढच्या कडेवर आणि दुसरी मागच्या कडेवर टेकते. तिसरी पुन्हा पुढे येते आणि तिथून सहावीपर्यंत बिंदू हळूहळू मागे जातो. तिसरी पुढे येण्याचं कारण तिच्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेचं वेटोळं. वेटोळ्याने वजन वाढतं, ताठरपणा मात्र आतल्या बारीक गाभ्यापुरताच राहतो.

याच कारणाने आखूड गिटारला जाड तारा घालण्याचा सल्ला मला अर्धाच पटतो. वेटोळं नसलेल्या तारेची जाडी वाढवली की ताण आणि ताठरपणा एकाच प्रमाणात वाढतात, त्यामुळे दाबल्यावरचा चढ तेवढाच राहतो. जाड तार कमी खरखरते आणि म्हणून उंची आणखी उतरवता येते, एवढाच तिचा फायदा.

फ्रेट आणि उंचीचं हे नातं जुनं आहे. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ मध्ये प्रत्येक फ्रेट उरलेल्या लांबीच्या अठराव्या भागावर बसवण्याचा नियम मांडला. गणिताने तो बारा फ्रेटांवर साडेबारा सेंट कमी पडतो, पण दाबलेली तार वर चढतेच, त्यामुळे ती तूट बरीचशी भरून निघते.

सगळं करूनही गंधार थोडा चढा वाटेल. समान बारा भागांच्या पद्धतीत तो शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंट वर असतो, आणि कुठलीही कानस तो खाली आणू शकत नाही. त्याच्यामागे लागून सॅडल बिघडवू नका.

आणखी एक उपाय आहे, त्यात काहीच कापावं लागत नाही. ६५ सेंमीच्या गिटारवर दुसऱ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की उरलेली लांबी ५७.९ सेंमी होते. म्हणजे ५८ सेंमीची गिटार दोन अर्धस्वर वर लावली, तर तिच्या तारांवर मोठ्या गिटारइतकाच ताण येतो आणि कमी ताणामुळे वाढलेली चूक निघून जाते. डीचा कॉर्ड धरला तर ई वाजेल, एवढं सोबत वाजवणाऱ्यांना सांगावं लागेल. हलक्या बांध्याच्या गिटारला हा ताण जड वाटत असेल, ब्रिजमागची, म्हणजे सॅडल बसवलेल्या पट्टीमागची, फळी फुगू लागली असेल, तर ज्यात पहिली तार ०.०१२ इंच जाड असते त्या संचाऐवजी ०.०११चा घाला. पहिल्या तारेचा ताण १६ टक्क्यांनी उतरतो आणि सुराचा फायदा जसाच्या तसा राहतो.