नाट्याभ्यास : आशयसूत्र आणि रचना

अभिजात नाटक वाचताना त्याचे आशयसूत्र (नाटक जीवनाविषयी जे म्हणू पाहते ते) घटनांच्या मांडणीतून शोधण्याची पद्धत. नाशिकच्या अभ्यासकाला यासाठी घरचीच उदाहरणे मिळतात, वि. वा. शिरवाडकर आणि वसंत कानेटकर हे दोघेही नाशिकचे नाटककार.

विषय एका शब्दात सांगता येतो, आशयसूत्राला पूर्ण वाक्य लागते. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा (१९७०) विषय म्हातारपण, एवढ्यावर थांबले की उत्तरपत्रिकेत ‘मुलांची कृतघ्नता’ येते आणि नाटक निसटते. उपाय सोपा आहे. संहिता आधी एका बैठकीत, शक्यतो मोठ्याने वाचावी. दुसऱ्या वाचनात वहीत चार रकाने आखावेत : प्रवेश, कोणाला काय हवे, आड काय येते, प्रवेशाअखेर काय बदलले. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो प्रवेश पुन्हा वाचावा; बदल बहुधा रंगसूचनेत किंवा एखाद्याच्या गप्प राहण्यात असतो.

तिसऱ्या वाचनात वळणबिंदू ठरवावा : ज्यानंतर परतीची वाट उरत नाही तो निर्णय. इथेच सर्वाधिक चुका होतात. ‘नटसम्राट’चे नायक, वृद्ध नट बेलवलकर यांच्यावर लेकीच्या घरी चोरीचा आळ येतो, तो प्रसंग सर्वांत तीव्र, म्हणून तोच वळणबिंदू मानला जातो. खरे वळण आरंभीच, सर्वस्व मुलांना वाटून टाकण्यात आहे. पुढचे सारे त्याचे परिणाम. हे ध्यानात आले की सूत्रही बदलते : सर्वस्व देऊन टाकणाऱ्या या नटाला घरातली मध्यवर्ती भूमिका मात्र सोडता येत नाही. स्वगते पाठ असून हे हाती लागत नाही.

देवलांच्या ‘शारदा’त (१८९९) शारदेचे वृद्ध भुजंगनाथाशी ठरलेले लग्न मोडते ते त्याच्या वयामुळे नव्हे, वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. म्हणजे जरठविवाहाचा प्रश्न मांडवात सुटतच नाही, आणि म्हणून शारदा जीव द्यायला निघते तो भाग अनावश्यक ठरत नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात याच नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ती घटना प्रयोगाच्या इतिहासात नोंदवावी, संहितेच्या अर्थात मिसळू नये.

संस्कृत नाटकाला मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण हे पाच संधी (कथानकाचे टप्पे) लावतात. संधी म्हणजे अंक नव्हे, ‘शाकुंतला’त अंक सात आहेत. चौथ्या अंकाच्या आरंभी, विष्कंभकात (मधल्या घटना कळवणाऱ्या छोट्या प्रवेशात), दुष्यंत शकुंतलेला विसरेल हा दुर्वासाचा शाप फक्त दोघी सख्यांच्या कानी पडतो. ‘भरीचा मजकूर’ म्हणून हा भाग गाळला, तर पाचव्या अंकातला दुष्यंत निव्वळ लबाड वाटू लागतो.

नाशिकच्या कालिदास कलामंदिरात प्रयोग पाहायचा तर वही भरून झाल्यावर पाहावा. प्रयोगात काटछाट असते. काय गाळले ते त्या चार रकान्यांवरून लगेच कळते.