तारे की इशारा? पाकिटावरच्या चिन्हाच्या वादाची पार्श्वभूमी

बिस्किटाचा पुडा उलटा धरला की मोहरीएवढ्या अक्षरांत यादी दिसते: मैदा, साखर, रिफाइंड पामतेल, आणि मग इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर ३२२, रेझिंग एजंट ५०० व ५०३. पहिले तीन जिन्नस वाण्याकडे मिळतात. पुढचे बरेचसे घरच्या डब्यांत कधी नसतातच. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००९ पासून मांडलेल्या चार गटांच्या वर्गीकरणात अतिप्रक्रियायुक्त अन्नाचा चौथा गट ओळखायची एक खूण हीच आहे.

‘प्रक्रिया’ हा शब्द मात्र घोळ घालतो. वाळवलेला पापड, मुरलेले लोणचे, गिरणीतले पीठ, सगळ्यांवर प्रक्रिया झालेलीच असते. ‘मग लोणचेही वाईट का?’ हा प्रश्न म्हणूनच हटकून येतो. लोणच्यात मीठ भरपूर असते, पण ते चौथ्या गटातले नव्हे. अमेरिकेत २०१९ साली २० जणांना अतिप्रक्रियायुक्त आणि कमीत कमी प्रक्रियेचे, असे दोन्ही प्रकारचे जेवण दोन-दोन आठवडे हवे तितके वाढले गेले. समोर ठेवलेल्या ताटांत साखर, मीठ, चरबी जुळवलेली होती. तरी अतिप्रक्रियायुक्त जेवणावर माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती.

भारतात नियमांचा भर राहिला तो चरबी, साखर, मीठ यांवर. हृदयाला घातक अशी ट्रान्स फॅट ही चरबी ज्यात भरपूर असे तो डालडा बाजारात आला १९३७ मध्ये आणि ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आली २०२२ मध्ये, एवढे सांगितले तरी नियमांची चाल कळते. दरम्यान अतिप्रक्रियायुक्त अन्नाची बाजारपेठ २००६ मधल्या सुमारे ९० कोटी डॉलरवरून २०१९ पर्यंत ३,७९० कोटी डॉलरवर गेली होती.

खरा वाद पेटला तो अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०२२ च्या नियमांच्या मसुद्यावर. पाकिटाच्या दर्शनी बाजूला अर्धा ते पाच तारे द्यायचे ठरले. साखर, मीठ, संपृक्त चरबीचे गुण वजा. तंतू, प्रथिने, भरडधान्ये, सुका मेवा यांचे अधिक. म्हणजे गोड बिस्किटात थोडी नाचणी आणि कोंडा मिसळला की तारे वाढू शकतात, साखर तेवढीच राहते. शिवाय तारा ही शाबासकीची खूण. एक तारा पाहून कुठलीही आई पुडा खाली ठेवणार नाही, तिला तो निदान काही तरी चांगलाच वाटेल. चिलीत २०१६ पासून काळा अष्टकोन थेट सांगतो, ‘साखर जास्त’. आपल्या मसुद्यात तर पहिली चार वर्षे तारेही ऐच्छिकच होते. ज्यांना मागची यादी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हे चिन्ह हवे होते. हा निर्णय त्यांच्या विरोधात गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२५ च्या जानेवारीत केंद्राच्याच आर्थिक पाहणीने अशा पदार्थांवर आरोग्य कराचा पर्याय मांडला. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिन्हाबाबत शिफारशींसाठी तज्ज्ञ समितीला तीन महिने दिले, पुढे मुदत वाढली. २२ सप्टेंबरला शीतपेयांवरचा जीएसटी ४० टक्के झाला, म्हणजे उपकर धरून आधी होता तेवढाच. बिस्किटे, इन्स्टंट नूडल्स, चॉकलेट मात्र पाच टक्क्यांवर आली. त्या दिवशी पुड्याच्या दर्शनी बाजूला आहाराबद्दल सक्तीचे चिन्ह एकच होते, शाकाहाराचा हिरवा ठिपका.