लुकडेपणा आणि खुजेपणा: वजन तेवढंच, दुखणं वेगळं

अंगणवाडीच्या काट्यावर दोन मुली येतात. दोघी 24 महिन्यांच्या, दोघींचं वजन साडेआठ किलो. या वयाच्या मुलीचं वजन 9 किलोच्या खाली असलं की नोंद 'कमी वजन' अशी पडते, त्यामुळे रजिस्टरात दोघी एकाच रकान्यात बसतात. आता उंची घ्या. पहिली 86 सेंटिमीटर, म्हणजे वयाला साजेशी. पण एवढ्या उंचीला साडेआठ किलो म्हणजे नुसती हाडं नि कातडी. ही तीव्र लुकडी, बोलीत 'सॅम'मधली, म्हणजे तीव्र कुपोषित (इंग्रजी 'सिव्हिअर अक्यूट मालन्यूट्रिशन'चं लघुरूप). दुसरी 75 सेंटिमीटर. तिचं वजन उंचीला शोभेलसं आहे, गालही भरलेले दिसतील. पण तिची उंची तेरा महिन्यांच्या मुलीइतकीच आहे. ही तीव्र खुजी. बघणाऱ्याला ती 'लहानखुरी, पण गुटगुटीत' वाटते आणि तिथेच ती निसटते.

लुकडेपणा आठवड्यांत येतो. हगवण, ताप, घरातलं धान्य संपणं, आईला दिवसभर कामावर जावं लागणं, यातलं एखाददुसरं घडलं की मूल भराभर उतरतं. मेळघाटात पावसाळ्यात हे सगळं एकदम येतं: कणगी रिकामी, हाताला मजुरी नाही, वर जुलाब नि मलेरिया. बीडकडून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत हेच दिवाळीनंतर घडतं. उचल घेतलेली असल्याने आई पहाटेच फडात जाते, तान्हं कोपीत थोरल्या भावंडाकडे राहतं आणि त्याचं नाव मात्र गावच्या अंगणवाडीत असतं. म्हणून जुलैचा 'सॅम'चा आकडा डिसेंबरच्या आकड्याशेजारी ठेवून 'कुपोषण घटले' म्हणणं ही फसवणूक आहे, नकळत केली तरी.

खुजेपणा वर्षांत मुरतो आणि त्याची सुरुवात बाळाच्या आधी होते. आई स्वतः कमी उंचीची, रक्त कमी, अठराच्या आत लग्न, दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. बाळ जन्मल्यावर पुढचं कारण वाटीत सापडतं. सहा महिन्यांनंतर त्याला वरणाचं पाणी नि पातळ पेज मिळते. पोट भरतं, पण अंगाला लागेल असं त्यात फारसं काही नसतं. चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट वरण-भात, त्यावर तेल किंवा तूप, जमेल तेव्हा अंडं, आणि नवव्या महिन्यापासून दिवसातून तीन-चार वेळा भरवणं, एवढं साधलं तर फरक पडतो. अंगणात कोंबड्यांची विष्ठा, उघड्यावरची हागणदारी आणि गढूळ पाणी असेल तर मात्र आतडं सतत सुजलेलं राहतं. मग जुलाब दिसत नसले तरी खाल्लेलं नीट शोषलं जात नाही.

याच सर्वेक्षणाच्या 2015-16 आणि 2019-21 या दोन पाहण्यांत राज्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांतला लुकडेपणा 25.6 टक्क्यांवरच राहिला, तीव्र लुकडेपणा 9.4 वरून 10.9 वर गेला आणि खुजेपणा 34.4 वरून 35.2 वर. दोन्ही दोष एकाच मुलात असू शकतात आणि तेव्हा धोका सर्वांत जास्त.

मोजण्यातल्या चुकाही दोघांच्या वेगळ्या. खुजेपणा वयावर ठरतो. जन्मतारीख अंदाजे लिहिली की सगळं कोसळतं. दोन-तीन महिन्यांच्या फरकाने मूल खुजं ठरतं किंवा सुटतं. लुकडेपणा वजन आणि उंचीच्या मेळावर ठरतो, तिथे वयाची चूक आड येत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं निजवून मोजायचं, त्यापुढच्याला उभं करून. उभी उंची आडव्या लांबीपेक्षा सुमारे 0.7 सेंटिमीटर कमी भरते. आडवं मोजायला दोन माणसं लागतात: एक डोकं पाटाला टेकवून धरतो, दुसरा गुडघे दाबून तळवे सरळ करतो. एकट्याने मोजलं की गुडघा वाकतो नि मूल खुजं ठरतं. अंबाडा राहिला तर उलट.

दंडघेराची पट्टी फक्त लुकडेपणा पकडते, तीही 6 ते 59 महिन्यांच्या मुलांत. डावा हात कोपरात वाकवून खांद्याचं टोक ते कोपर यांचा मध्य काढायचा, मग हात सैल सोडून पट्टी लावायची. 11.5 सेंटिमीटरच्या आत लाल, 12.5 च्या आत पिवळा. पट्टी आवळली की हिरवं मूलही पिवळ्यात येतं. खुज्या मुलाचा दंड बहुधा हिरवाच निघतो. म्हणून 'पट्टी हिरवी, मूल ठीक' हे चालत नाही. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा राहतो का, हेही पाहायचंच. राहिला तर वजन कितीही असो, मूल तीव्र कुपोषित. ते वजन पाण्याचं असतं.

उपचारांची गल्लत सर्वांत महागात पडते. तीव्र लुकड्या मुलाला ताप, सूज किंवा सुस्ती असेल, किंवा ते खातच नसेल, तर पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं. खात असेल आणि दुसरी गुंतागुंत नसेल तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात भागतं. पुनर्वसन केंद्रात आधी 100 मिलिलिटरमागे 75 किलोकॅलरींचं दूध थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. प्रकृती स्थिरावल्यावर 100 किलोकॅलरींचं. पहिल्याच दिवशी कौतुकाने भरपेट खाऊ घातलं तर रक्तातले क्षार ढासळून मूल दगावू शकतं. पुढे दर किलोमागे रोज 5 ग्रॅमसुद्धा वजन वाढत नसेल, म्हणजे सात किलोच्या मुलाचं 35 ग्रॅमही नाही, तर कुठेतरी जंतुसंसर्ग लपलाय किंवा रात्रीचं दूध चुकतंय.

खुज्या मुलीला हाच खुराक दिला तर ती वाढते, पण आडवी. तिच्यासाठी चौदा दिवसांचं कुठलंही केंद्र नाही. तिच्या पाठच्या भावंडासाठी करायचं ते आईच्या ताटात, पाण्याच्या टाकीत आणि लग्नाच्या तारखेत करायचं असतं.