ठोक्यांमधले अंतर आणि ‘ताण’ नावाचा आकडा

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेची पथके घरोघर फिरू लागली आणि ऑक्सिमीटर कोकणातल्या वाडीवाडीवर पोचला. हर्णैसारख्या बंदरावर त्याची एक खोड लगेच कळते. बर्फातली मासळी निवडून आलेल्या बाईच्या बोटाला तो चिमटा लावला की पडद्यावर नुसत्या रेघा. “हात चोळा मावशी,” म्हणायचे आणि थांबायचे. गारठ्याने बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, प्रकाशाची लहर खुजी होते. जीव धास्तावला तरी नेमके हेच होते. आज मनगटावरचे घड्याळ ‘ताण जास्त’ म्हणते, त्याचा अर्धा गुंता या गार बोटातच आहे.

मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहणारे वैद्य आपल्याकडे शतकानुशतके आहेत. पण घड्याळाचा वंश त्यांच्याकडून आलेला नाही. १९३७-३८ च्या सुमारास अमेरिकेत सेंट लुइसला बोटावर दिवा आणि प्रकाशघट (प्रकाश मोजणारा घटक) लावून कातडीतल्या रक्ताचा भरती-ओहोटीचा आलेख काढला गेला. १९७४ मध्ये जपानमध्ये नाडीच्या लहरीवरून, दोन रंगांच्या प्रकाशाने रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण काढण्याची युक्ती मांडली गेली. मनगटासाठी पुढे हिरवा प्रकाश आला. तो रक्तात चांगला शोषला जातो आणि खोल जात नाही, त्यामुळे हात हलल्याचा गोंधळ कमी होतो.

‘ताण’ हा शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. १९३६ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला उंदरांवरच्या प्रयोगांतून, निरनिराळ्या आघातांना शरीर एकसारखा प्रतिसाद देते, ही कल्पना पुढे आली आणि तिला नाव मिळाले ते यंत्रशास्त्रातले. मराठीनेही तेच केले. जाळ्याच्या रशीवर येतो तो ताण आणि कर्जाचा हप्ता चुकल्यावर येतो तोही ताणच. रशीवरचा मोजता येतो, म्हणून दुसराही येत असणार, असे आपण शब्दाच्या भरवशावर धरून चाललो.

मोजायचे काय, यावर खरा वाद झाला. हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर कधीच सारखे नसते. १९८१ मध्ये या चढउताराची वारंवारतेनुसार फोड करण्यात आली. पुढे दोन पट्टे रूढ झाले: ०.०४ ते ०.१५ हर्ट्झचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा) मंद, आणि ०.१५ ते ०.४ हर्ट्झचा जलद, श्वासाबरोबर हलणारा. जलद पट्टा विसाव्याच्या मज्जातंतूचा, यावर फारसे दुमत नव्हते. मंद पट्टा धावपळीच्या मज्जासंस्थेचा, असे १९८६ मध्ये इटलीतल्या एका गटाने मांडले आणि मंद भागिले जलद हे गुणोत्तर म्हणजे ताण दाखवणारा तराजूचा काटा ठरला. १९९६ मध्ये युरोप-अमेरिकेच्या संयुक्त समितीने मानके ठरवली, पाच मिनिटांची नोंद घ्यावी असे सांगितले. मंद पट्ट्याच्या अर्थाबद्दल मतभेद आहेत, हेही तिथेच लिहून ठेवले. गुणोत्तर पसरले, मतभेदाचे वाक्य मागे राहिले. माझ्या मते चूक इथे झाली. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांत धावपळीची मज्जासंस्था पेटलेली असते, तरी त्यांचा मंद पट्टा पुष्कळदा क्षीण असतो. मग काटा दाखवतो काय?

गणपतीत आरतीनंतरची मंत्रपुष्पांजली आठवा. सूर लांबवत म्हणताना एक श्वास दहा सेकंदांवर जातो. दहा सेकंदांना एक म्हणजे ०.१ हर्ट्झ. श्वासाची लहर जलद पट्ट्यातून उठून मंद पट्ट्यात जाऊन बसते आणि गुणोत्तर उसळते. माणूस देवासमोर डोळे मिटून निवांत, कागदावर तणावग्रस्त. मिनिटाला नऊपेक्षा कमी श्वास घेणाऱ्या कुणाचेही असेच होणार.

त्यात घड्याळ हृदयाचे विद्युतस्पंदन पाहत नाही, मनगटाशी पोचलेली लाट पाहते. लाट पोचायला लागणारा वेळ रक्तदाबाबरोबर बदलतो, म्हणून दोन्ही अंतरे तंतोतंत जुळत नाहीत. स्वस्थ बसल्यावर फरक थोडा. वल्हे मारताना बराच.

गेल्या दशकात गुणोत्तराचा हट्ट सैल झाला. लहरीची उंची, आकार आणि ठोक्यांची अंतरे एकत्र करून संगणकाला शिकवायचे, ही रीत आली. शिकवायला ‘ताणलेली’ माणसे लागतात. ती बहुधा १९९३ च्या एका चाचणीने तयार होतात: परीक्षकांसमोर भाषण, मग तोंडी वजाबाकी. २०१८ चा बराच वापरला जाणारा माहितीसंच असाच, १५ जणांचा. त्यातला ताण थोड्या वेळात उतरण्याजोगा. १ जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत. ते दोन महिने मनगटावर कसे दिसतात, हे या चाचणीच्या मापात बसत नाही.